विश्लेषण : उद्योगांसाठी ‘डार्क फायबर’ का मोलाचे?

‘डार्क फायबर’ म्हणजे काय?

रस्ता वारंवार खोदावा लागू नये म्हणून कंपन्या गरजेपेक्षा अधिक काचतंतू एकदाच टाकतात. ज्यांतून अद्याप प्रकाश सोडलेला नाही, ते ‘डार्क फायबर’.

फायदा काय?

लीज्ड लाइनमध्ये ठरावीक वेग मिळतो. येथे तंतूच भाड्याने मिळतो. दोन्ही टोकांची यंत्रणा भाडेकरूची. एकाच तंतूतून वेगवेगळ्या तरंगलांबींचे अनेक प्रवाह जात असल्याने यंत्रणा बदलून क्षमता वाढवता येते. वर्सोव्यात किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्री केबल आणि ऐरोली-महापे पट्ट्यातील डेटा सेंटर यांना जोडताना हे महत्त्वाचे ठरते.

अडचणी कोणत्या?

‘आयपी-१’ नोंदणीच्या अटींनुसार असे तंतू दूरसंचार परवानाधारकांनाच देता येतात. त्यामुळे बँक किंवा कारखान्याला अशा नोंदणीधारकाकडून ते थेट घेता येत नाहीत. दूरसंचार कंपनीमार्फतच जावे लागते.

दुसरा धोका खोदकामाचा. तो टाळण्यासाठी केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप आणले. तरीही करारापूर्वी मार्गाचा नकाशा तपासणे आवश्यक. मुख्य आणि पर्यायी तंतू एकाच चरातून जात असतील, तर जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही तुटतात.