थँक यू, बाई!

मीटिंगमध्ये 'आय थिंक...' म्हणत बिनधास्त तोंड उघडता ना? मग त्याचं सगळं क्रेडिट सबटायटल्सना आणि स्पोकन इंग्लिशच्या क्लासला देऊ नका, बॉस!

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीपासून असायचं. म्हणजे गंमत बघा, आमच्या बाई स्वतः पाचवीत एबीसीडी शिकलेल्या आणि आम्हाला पहिलीत शिकवायला उभ्या! मराठीत 'व' एकच, इंग्रजीत दोन. 'व्हॅन'साठी वरचे दात खालच्या ओठावर, 'वन'साठी तोंडाचा चंबू. बाई अख्ख्या वर्गासमोर तो चंबू करून दाखवायच्या. आम्ही खिदळायचो, त्या पुन्हा करायच्या. न लाजता.

परकी भाषा बोलताना खरी भीती व्याकरणाची नसतेच, हसं होण्याची असते. ते हसं बाईंनी आमच्याआधी स्वतःवर घेतलं. म्हणूनच आज इंग्रजीत मुलाखत घेताना एखादा शब्द अडला, तरी माझा प्रश्न अर्धा राहत नाही.

या वीकेंडला एक करा. तुमच्या इंग्रजीच्या बाईंचा, सरांचा नंबर शोधा आणि फोन लावा. बोला मात्र मराठीतच!