ऑनलाइन क्लास काढताय? विषय असा निवडा, की फी भरायला कुणी तयार होईल

तुमच्या हातचे अनारसे जाळीदार होतात. तुम्ही शिवलेलं ब्लाउज पाहून शेजारीण कापड घेऊन येते. सोसायटीतली मुलं अडलेलं गणित घेऊन थेट तुमच्या ओट्याशी उभी राहतात. मग कुणीतरी म्हणतंच, ‘‘अगं, तू ऑनलाइन क्लास का काढत नाहीस?’’

कल्पना वाईट नाही. मोबाइल आहे, इंटरनेट आहे, दुपारचे दोन तास मोकळे आहेत. पुढे मात्र बऱ्याच घरांत सारखंच घडतं. उत्साहाने रिंग लाइट घेतला जातो, ‘संपूर्ण स्वयंपाक शिका’ असं कोर्सचं नाव ठरतं, महिनाभर घर शांत ठेवून चित्रीकरण होतं आणि नाव नोंदवणाऱ्यांत निघतात एक मावसबहीण आणि एक शाळेतली मैत्रीण. दोघीही फुकट. मग घरातलं कुणीतरी ‘मी म्हटलंच होतं’ म्हणतं आणि रिंग लाइट माळ्यावर जातो. अशा वेळी बहुतेक जणी स्वतःच्या शिकवण्याला दोष देतात. खरं तर शिकवायची वेळच आलेली नसते. चूक विषय ठरवतानाच झालेली असते.

फुकट व्हिडिओ असताना पैसे कशाचे?

हा प्रश्न सगळ्यात आधी स्वतःला विचारा, कारण तुमची विद्यार्थिनी तो विचारणारच आहे. यूट्यूबवर सगळं आहे. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, निथळून कुटा, गूळ मिसळून पीठ मुरू द्या, हे पन्नास जणी पन्नास पद्धतींनी सांगतात. पण अनारसा तुपात सोडल्यावर हसला, म्हणजे विरघळून पसरला, की व्हिडिओ तिला काहीच सांगू शकत नाही. गूळ जास्त झाला, पीठ ओलसर राहिलं की तूप नीट तापलं नव्हतं? हे तिचं पीठ बघून, तिला दोन प्रश्न विचारूनच सांगता येतं. फी मिळते ती या बघण्याची आणि चूक दाखवण्याची.

म्हणून विषयांची यादी करायला बसलात की प्रत्येक विषयापुढे एकच गोष्ट लिहा : यात शिकणारी कुठे अडकते? पोहे, उपमा, रोजच्या भाज्या यांत फारसं कुणी अडकत नाही. अडकलं तरी नवरा मुकाट खातो. तिथे बघून शिकता येतं, म्हणून तिथे फी नाही. ब्लाउजचं तसं नाही. कापड महागाचं, लग्न पंधरा दिवसांवर आणि मुंढ्यात चुणी पडलेली. ‘शिवणकाम शिका’ हे वाचून कुणाचा हात पर्सकडे जात नाही. ‘कटोरी ब्लाउज स्वतःच्या मापाचं : मुंढ्यात चुणी नाही, गळा खांद्यावरून उतरत नाही’ हे वाचून जातो, कारण त्यात तिला तिचीच तक्रार दिसते.

इथे पुष्कळ जणींना वाटतं की विषय लहान केला तर गिऱ्हाईक कमी होईल. होतंच. पण मोठ्या विषयात तुमची गाठ संस्थांशी, चॅनेलवाल्यांशी, मोठ्या अ‍ॅपशी पडते. लहान विषयात ती एका बाईच्या एका अडचणीशी पडते आणि ती तुम्हाला सोडवता येते.

तारीख असलेला विषय

मला विचाराल तर अडचणीला तारीख जोडलेली असेल, तर त्यासारखा विषय नाही. ‘मुलांसाठी चित्रकला’ हा क्लास आई पुढच्या सुट्टीत बघू म्हणून ढकलते. महाराष्ट्रात कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा असतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे ठरलेले विषय आहेत आणि परीक्षेचा दिवसही ठरलेला. तुम्ही तीच चित्रकला शिकवणार, तेच रंग, तीच मुलं. पण ‘इंटरमिजिएटचं स्मरणचित्र : वेळेत पूर्ण करण्याचा सराव’ असं म्हटलं की आई लगेच फी विचारते.

उकडीच्या मोदकांचंही तसंच. वर्षभर कुणी विचारत नाही आणि गणपतीच्या आधी बंगळुरू, इंदूर, हैदराबादला राहणाऱ्या सुना अचानक जाग्या होतात. उकड चिरते, कळ्या पडत नाहीत, वाफवताना मोदक फुटतो. दोन तासांचा एक थेट वर्ग, तीनशे रुपये, वीस जणी. जाहिरात मात्र चतुर्थीच्या तीन आठवडे आधी करायची. आदल्या आठवड्यात केलीत तर त्यांना तांदळाची पिठी मिळवायला आणि एकदा फसून बघायला वेळ राहत नाही. तोच वर्ग दिवाळीत अनारसे आणि चकलीचा होतो, संक्रांतीला गुळाच्या पोळीचा. हंगामी विषय कमी दर्जाचा समजू नका. ज्यांना वर्षभर क्लासला बांधून घ्यायचं नाही, त्यांना तो उलट सोयीचा.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांसाठी

तुम्ही बडोदा, भोपाळ किंवा दिल्लीत असाल आणि ‘मला तर काहीच विशेष येत नाही’ म्हणत असाल, तर तुम्हाला मराठी येते हे विसरू नका. महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. बदली होऊन पुण्यात किंवा नागपुरात आलेल्या घरातला मुलगा सहावीत एकदम मराठीच्या पुस्तकासमोर बसतो आणि त्याच्या आईला ती लिपी वाचता आली तरी भाषा कळत नाही. ज्या बाईला हिंदी किंवा गुजराती उत्तम येते आणि मराठीही घरची आहे, ती त्या मुलाला पुण्यातल्या शिक्षिकेपेक्षा चांगलं शिकवू शकते, कारण तो नेमका कुठे गोंधळतो ते तिला माहीत असतं. हिंदीतली दोन लिंगं सोडून तो आता तीन लिंगांत आलाय!

परदेशातली मराठी मुलं हा दुसरा वर्ग. मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून कुणी फी भरणार नाही. पण नातवाला आजीशी फोनवर बोलता यावं म्हणून आईवडील आनंदाने भरतात. म्हणून ‘मराठी व्याकरण’ विकू नका, ‘आजीशी दहा मिनिटं मराठीत’ विका.

फक्त एक बघा. विषय निवडताना तुम्ही घड्याळही निवडत असता. न्यू जर्सीत शनिवारी सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. म्हणजे नेमकी कुकर लावायची वेळ. शनिवारी स्वयंपाक दुसऱ्या कुणी करायचा, हे घरात आधी स्पष्ट बोलून ठरवा. ते ठरलं नाही तर विषय कितीही फायद्याचा असो, तिसऱ्या आठवड्यात तुम्ही एक डोळा पडद्यावर आणि एक गॅसवर ठेवून शिकवत असाल.

फायदा म्हणजे नेमका किती?

इथे हात आखडू नका, कागद घ्या. समजा, ब्लाउजचा चार आठवड्यांचा वर्ग. आठ तासिका, प्रत्येकी दीड तास, म्हणजे १२ तास. तयारी आणखी १२ तास. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे फोटो आणि प्रश्न रोज अर्धा तास, महिन्याचे साधारण १४ तास. एकूण ३८ तास. बारा जणींकडून प्रत्येकी १,५०० रुपये म्हणजे १८,००० रुपये, म्हणजे तासाला पावणेपाचशेच्या आसपास. हेच वर्ग ‘मैत्रिणीच आहेत’ म्हणून ५०० रुपयांत घेतलेत तर तासाला १५८ रुपये पडतात आणि काम तेवढंच. बहुतेक जणी व्हॉट्सअ‍ॅपचे ते १४ तास धरतच नाहीत. ते धरले की समजतं, कुठला विषय परवडतो आणि कुठला फक्त कौतुक मिळवून देतो.

खर्च सुरुवातीला जवळजवळ नसतो. गुगल मीटवर फुकटात तासाभराचा गटवर्ग होतो, झूमवर ४० मिनिटांचा. म्हणून पहिली तुकडी तासाभराच्या तासिकांत बसवता आली तर बघा. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा बहुतेक राज्यांत वर्षाला २० लाख रुपयांची उलाढाल ही आहे, त्यामुळे सुरुवातीलाच त्याची धास्ती नको. मिळालेले पैसे मात्र वहीत लिहा. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात हे उत्पन्न दाखवावं लागतं.

पैसे जातात ते दुसरीकडेच. ‘ऑनलाइन कोर्स काढून महिन्याला लाख रुपये कमवा’ असा ९९ रुपयांचा वेबिनार तुम्हालाही दिसला असेल. तिथे दोन तास स्वप्नं दाखवून शेवटी तीस-चाळीस हजारांचा ‘खास कार्यक्रम’ गळ्यात मारला जातो. तुमच्या पहिल्या तुकडीची फी हाती येण्याआधी कुणालाही एवढे पैसे देऊ नका. दागिना मोडून किंवा हप्त्यांवर तर मुळीच नको.

काही विषय पैसा दिसत असूनही सोडा. मधुमेह, थायरॉइड, वंध्यत्व यांवरचा आहार पात्रता असल्याशिवाय शिकवू नये. तिथे चूक झाली तर ती कुणाच्या तरी शरीरावर निघते. शेअर बाजाराचंही तेच. अमुक शेअर घ्या असा सल्ला फी घेऊन द्यायला सेबीची नोंदणी लागते.

आधी विका, मग चित्रीकरण

विषय बरोबर आहे की नाही, हे विचार करून कळत नाही. ते पैसे मागितल्यावरच कळतं. एका वाक्यात लिहा : कुणासाठी, कोणती अडचण, कधीपासून, किती रुपये. नातेवाईक सोडून वीस-पंचवीस जणींना पाठवा. ‘असा क्लास काढला तर आवडेल का?’ असं विचारलंत तर सगळ्या ‘हो, मस्त!’ म्हणतील. ‘शनिवारपासून आहे, आठशे रुपये, तुमचं नाव लिहू का?’ असं विचारा. पाच जणींनी पैसे भरले तर वर्ग सुरू करा. हार्ट आणि अंगठे कितीही आले तरी ते मोजू नका.

कुणीच भरले नाहीत तर लगेच विषय टाकू नका. दोघी-तिघींना फोन करून विचारा, काय जमलं नाही. कधी वेळ चुकलेली असते, कधी ‘ब्लाउज’ऐवजी त्यांना ‘मुलीचा परकर-पोलका’ हवा असतो. त्याच विषयावरच्या गाजलेल्या व्हिडिओंखालचे प्रश्नही वाचा. ‘ताई, माझं असं का झालं?’ अशी सुरुवात असलेले प्रश्न वहीत उतरवून घ्या. पंधरा-वीस जमले की तुमचा अभ्यासक्रम जवळजवळ तयार असतो.

आणि माहेर-सासरच्या माणसांचं काय? त्यांना फुकट नको म्हणताना जीभ अडखळते, हे खरं. त्यावर सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक तुकडीत एक जागा घरच्यांसाठी ठेवायची. ‘या वेळची जागा वहिनींना दिली, पुढची तुमची’ असं सांगता येतं आणि कुणी दुखावत नाही.

दोन-तीन तुकड्या थेट घेतल्यानंतरच रेकॉर्ड केलेल्या कोर्सचा विचार करा. तोपर्यंत कुठला प्रश्न प्रत्येक तुकडीत येतो, हे तुम्हाला ठाऊक झालेलं असेल. त्या प्रश्नाची दहा मिनिटांची चित्रफीत सगळ्यात आधी करा आणि पुढच्या तुकडीला वर्गाआधीच पाठवून द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्या १४ तासांतले काही तास तिथेच वाचतील.