खजिन्याचा नकाशा कुणाच्या हातात?

मैत्रिणींनो, आपल्या बैठकांमध्ये आपण पोटगीवर, रेशनवर, पाण्यावर, मारहाणीवर तासन्‌तास बोलतो. ते बोलायलाच हवं. पण खेळाचा विषय निघाला की ‘तो मुलांचा’ म्हणून आपण पुढे सरकतो. बाईने खेळायचं की नाही, मुलांना घेऊन घराबाहेर पडते तेव्हा ती फिरायला निघालेली असते की कामाला, असले प्रश्न आपण एकमेकींना सहसा विचारत नाही. मला ते विचारावेसे वाटले ते एका परदेशी खेळामुळे. त्या खेळाची थोडी माहिती आणि त्यावरचं माझं मत, असं या लेखाचं स्वरूप आहे.

खेळाचं नाव जिओकॅशिंग. सोप्या भाषेत सांगायचं तर नकाशावरची लपाछपी. कुणीतरी एक डबा लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. बाकीचे लोक मोबाईल किंवा जीपीएसचं यंत्र घेऊन तो शोधतात. डब्यात एक छोटी वही असते. तिच्यात आपलं नाव आणि तारीख लिहायची. डबा मोठा असेल तर आत मणी, बिल्ले, खेळण्यातली मोटार अशा वस्तू असतात. एखादी उचलली तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवायची. खाण्याचं काही ठेवायचं नाही, कारण वासाने प्राणी येतात. डबा जमीन खणून पुरायचा नाही, आणि शोधणाऱ्याने तो होता तिथेच परत ठेवायचा. मुख्य नियम एवढेच.

हा खेळ सुरू झाला तो मे २००० मध्ये. जीपीएसचे उपग्रह अमेरिकेच्या लष्कराचे. सामान्य माणसाला मिळणारा त्यांचा संदेश तोवर मुद्दाम बिघडवलेला असायचा. जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. अध्यक्ष क्लिंटन यांनी १ मे २००० रोजी हा बिघाड बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली ठेवली. तिच्यात वही, पेन्सिल, पुस्तकं, थोडे पैसे, एक गलोल आणि उसळीचा एक बंद डबा होता. तीन दिवसांत ती दोनदा सापडली. आज हा खेळ जगभर पसरला आहे. टिकाऊ आणि पाणी न शिरणारे म्हणून बंदुकीच्या गोळ्यांचे जुने लष्करी डबे यात अनेक ठिकाणी वापरतात. लष्कराच्या उपग्रहांनी दाखवलेल्या जागी, लष्कराच्या दारूगोळ्याच्या डब्यात, चार वर्षांचं पोर रबरी पाल शोधतं. शस्त्रांचा याहून बरा उपयोग मला तरी ठाऊक नाही.

या जीपीएसच्या मुळाशी एका बाईचंही गणित आहे, ते इथे सांगायलाच हवं. ग्लॅडिस वेस्ट या १९३० साली व्हर्जिनियात एका काळ्या शेतकरी कुटुंबात जन्मल्या. १९५६ पासून डालग्रेन इथल्या नौदलाच्या केंद्रात त्या गणितज्ञ होत्या. पृथ्वीचा नेमका आकार मांडण्याचं जे काम त्यांनी केलं, ते पुढे जीपीएसला उपयोगी पडलं. त्याची जाहीर दखल २०१८ साली घेतली गेली. म्हणजे वाट दाखवणाऱ्या यंत्राच्या आत बाईची बुद्धी आहे. पण कुटुंब सहलीला निघालं की ते यंत्र कुणाच्या हातात असतं?

गेल्या वर्षी मी लेकीकडे पोर्टलंडला पाच महिने होते. नात सात वर्षांची, नातू चार वर्षांचा. लेक नव्या नोकरीत रुजू होत होती, म्हणून मी गेले. (आजी तिकडे जाते तेव्हा तीही बिनपगारी कामाच्या साखळीतली एक कडी होते. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) दर रविवारी हे कुटुंब डबे शोधायला जायचं. मीही जायची. पहिले दोन-तीन रविवार मी नुसती बघत होते. जावई पुढे, हातात मोबाईल. त्यांच्या मागे नात, ‘बाबा, मला बघू दे’ करत. तिच्यामागे नातू. सगळ्यांत शेवटी लेक. तिच्या पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या, खाऊ, जादा चड्ड्या, रेनकोट, मलमपट्टी. शनिवारी रात्री जागून ही पिशवी तिनेच भरलेली. परत आल्यावर चिखलाचे बूट तिनेच धुतलेले. वहीत नाव लिहिलं जायचं ते सगळ्या कुटुंबाचं.

जावई माणूस चांगला आहे. स्वयंपाक करतो, मुलांना झोपवतो. म्हणूनच हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. इथे कुणी कुणावर जुलूम करत नव्हतं. काम आपोआप वाटलं गेलं होतं, आणि आपोआप वाटलं गेलेलं काम बाईच्याच पाठीवर येतं हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे. आपल्या देशातल्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे पाहा. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका २०१९ मध्ये दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या, तर ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ मध्ये बायकांची मिनिटं २८९ झाली, पुरुषांची ८८. बाईची दहा मिनिटं वाचली, पुरुषाची नऊ. दोघांमधलं अंतर जवळपास तिथेच राहिलं. आणि सहलीची पिशवी भरणं हे काम आहे, असं किती घरांत मानलं जातं?

मग एका रविवारी मी कामांच्या चिठ्ठ्या केल्या. एक वाटाड्या, एक शोधणारी, एक वहीवाली, एक पिशवीवाला. प्रत्येकाने चिठ्ठी उचलायची आणि दर रविवारी नव्याने उचलायची. पिशवीच्या चिठ्ठीत ती भरणं आणि नंतर रिकामी करणं दोन्ही आलं. पहिल्याच खेपेला पिशवी जावयाकडे आली आणि मोबाईल सात वर्षांच्या नातीकडे. ती ठरल्या जागेच्या तीस पावलं पुढे गेली, बाण उलटा फिरला म्हणून मोबाईलशी भांडली, मग थांबली आणि मागे आली. आम्हा मोठ्यांना जिभा आवरणं फार जड गेलं. झाडांखाली हे यंत्र काही मीटर चुकतंच. शेवटची काही पावलं डोळ्यांनी आणि डोक्याने चालावी लागतात. हे तिला सांगून कळलं नसतं. ‘यंत्र म्हणतंय इथे, पण इथे तर काहीच नाही, मग मी असते तर कुठे लपवलं असतं?’ असा विचार करणारी मुलगी उद्या कुणाच्याही सांगण्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही, असं मला वाटतं.

लहान मुलांबद्दल एक सांगते. पाचाच्या आतल्या मुलाला अक्षांश-रेखांशाशी देणंघेणं नसतं. त्याला डबा हवा असतो, तोही मोठा आणि लवकर. दिवसात किती डबे झाले हे मोजणं हा मोठ्यांचा हव्यास आहे. तो शिरला की मूल रडतं आणि त्याला गप्प करण्याचं काम आईकडे येतं. तेव्हा एका दिवशी एकच डबा, अर्ध्या किलोमीटरच्या आतला. प्रत्येक डब्याला शोधण्याची आणि वाटेची अवघडाई एक ते पाच अशा अंकांत दिलेली असते. वाटेचा अंक एक असेल तर चाकाच्या खुर्चीवरूनही तिथे पोहोचता येतं. शिवाय वाटेत मूतारी आहे का, बाबागाडी जाते का, विषारी झुडपं आहेत का, याच्या खुणाही असतात. जवळ मूतारी आहे हे आधीच नकाशावर कळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे बसस्थानकावर पाणी न पिता तास काढलेल्या बाईला सांगायला नको. मुंबईतल्या ‘राइट टू पी’ मोहिमेने हाच मुद्दा लावून धरला होता.

आता दुसरी बाजू. बाकाखाली चाचपणारा, झुडपात वाकून बघणारा माणूस संशयास्पद दिसतो. इंग्लंडमधल्या वेदरबी गावात २०११ साली असाच एक डबा बॉम्ब समजून उडवून द्यावा लागला. पण संशय सगळ्यांवर सारखा येत नाही. माझा सावळा, दाढीवाला जावई एकटा वाकला की लोक थबकायचे. सोबत मुलं असली की तेच लोक हसून पुढे जायचे. तिथे मुलं हा त्याचा परवाना. इकडे आपल्या गावात तोच परवाना बाईला लागतो. कडेवर मूल असलं तर बाई बागेत बसलेली चालते. एकटी बसली की कुणाची वाट बघतेय, असं विचारलं जातं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ या २०११ च्या पुस्तकात मुंबईबद्दल नेमकं हेच मांडलं. बाईला रस्त्यावर असण्यासाठी काहीतरी काम दाखवावं लागतं, आणि खरी मोकळीक म्हणजे काहीही काम नसताना तिथे असता येणं.

या कसोटीवर हा खेळ अर्धाच उतरतो, हे मान्य करायला हवं. तो बाईला बाहेर पडायला कारण देतो, आणि कारण लागावंच का, हा प्रश्न शिल्लक राहतो. तरीही सुरुवात म्हणून कारण वाईट नाही. मी यायच्या आधीच्या एका रविवारी लेक एकटी गेली. मुलं बापाकडे. तीन तासांनी परतली. डबा सापडला नव्हता. म्हणाली, “आई, तीन तास मला कुणी हाक मारली नाही गं.” कौटुंबिक खेळात आईचा असाही एक वाटा असला पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

कुणी म्हणेल, हे अमेरिकेतल्या मोटारवाल्यांचे चोचले, आपल्या वस्तीचा यात काय संबंध? आक्षेप बरोबर आहे. तिथल्या उपनगरात मोटार नसेल तर बरेच डबे हाती लागत नाहीत. आणि आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) स्वतः वापरायचा मोबाईल जेमतेम ५४ टक्के बायकांकडे होता. पण खेळाचा गाभा यंत्रात नाही. परत आल्यावर दिवाळीच्या सुटीत आमच्या वस्तीतल्या चौदा मुली आणि सहा मुलग्यांबरोबर आम्ही तो कागदावर खेळलो. आधी प्रत्येकाने वस्तीचा नकाशा काढला. मुलींच्या नकाशांत नळ, रेशनचं दुकान, शाळा, दळणाची गिरणी. मुलग्यांच्या नकाशांत मैदान, कालवा, टेकडी, स्टेशन. एकाच वस्तीत राहणाऱ्या मुलांची ही दोन वेगळी गावं होती. मग स्टीलचे पाच डबे आम्ही मुद्दाम मुलग्यांच्या गावात लपवले, आणि पावलं मोजून वाट शोधायला मुलींना पाठवलं. स्टेशन, एसटी स्थानक, बाजार मात्र टाळले. बेवारस वस्तूला हात लावू नका असं जिथे आपणच मुलांना शिकवतो, तिथे डबे लपवणं शहाणपणाचं नाही. बाकीच्या प्रत्येक जागी आधी परवानगी घेतली.

अडचण आली ती वेगळीच. दहा-अकरा वर्षांच्या चार मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन आल्या. ‘लहान मुलांसह कुटुंबाचा खेळ’ म्हणतात, तेव्हा वस्तीत ते कुटुंब म्हणजे ही दहा वर्षांची मुलगी असते. तिचं खेळायचं वय मूल सांभाळण्यात जातं, आणि आपण तिला ‘समजूतदार’ म्हणून शाबासकी देतो. आम्ही खेळ थांबवला आणि आयाबापांना बोलावलं. दोन तास ही बाळं कोण घेणार, एवढाच प्रश्न विचारला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक आजी पुढे आली आणि तिच्या पाठोपाठ दोन बाप. एका बापाने आयुष्यात प्रथमच सलग दोन तास पोर सांभाळलं, असं त्याच्याच बायकोने सगळ्यांसमोर सांगितलं. टेकडीवरचा डबा सापडला तेव्हा मुलींनी केलेला आरडाओरडा खाली वस्तीपर्यंत ऐकू आला. एका मुलीच्या भावाला तो खटकला आणि दुसऱ्या दिवशी तिला घरून पाठवलं नाही. तिच्या आईशी आमचं बोलणं अजून चालू आहे.

म्हणून गटांना माझं सुचवणं असं. किशोरी शिबिरांत हा खेळ जरूर घ्या, पण आधी नकाशे काढून घ्या आणि ते समोरासमोर लावून त्यावर चर्चा करा. बाळं सांभाळण्याची जबाबदारी खेळाच्या आधी वाटून घ्या, आणि त्यात पुरुषांची नावं लिहा. मोबाईल असेल तर तो सगळ्यांत धाकट्या मुलीच्या हातात द्या. एक डबा फक्त आयांसाठी ठेवा. तो शोधताना मुलं बरोबर न्यायची नाहीत, हा एकच नियम. तुमच्याकडच्या मुलींच्या नकाशात काय निघालं आणि काय निघालं नाही, ते आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या उन्हाळ्यात ते सगळे नकाशे एका खोलीत शेजारी शेजारी लावायचा आमचा विचार आहे.