प्रयोगशाळेची जबाबदारी कोणाची?

रसायनांच्या कारखान्यात अपघात झाला की कारखाना निरीक्षक येतो, चौकशी होते, मालकाला जाब द्यावा लागतो. तीच ज्वलनशील द्रव्ये, तेच उच्च दाबाचे सिलिंडर विद्यापीठांच्या संशोधन प्रयोगशाळांतही असतात. मात्र तिथे रात्री उशिरापर्यंत राबणारा तरुण बहुधा ‘कामगार’ नसतो, ‘विद्यार्थी’ असतो. त्यामुळे त्याच्या जिवाची जबाबदारी मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि प्रशासन यांच्यात विभागली जाते आणि अखेर कोणाचीच राहत नाही.

अमेरिकेतील दोन दुर्घटना याबाबत बोलक्या आहेत. २९ डिसेंबर २००८ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील प्रयोगशाळेत २३ वर्षांची संशोधन साहाय्यक सिरिंजने टर्शरी ब्यूटिल लिथियम काढत होती. हे रसायन हवेशी संपर्क येताच पेट घेते. सिरिंजचा दट्ट्या निसटला, अंगातील स्वेटर पेटला आणि १८ दिवसांनी तिचा मृत्यू झाला. तिने अ‍ॅप्रन घातला नव्हता. याच प्रयोगशाळेत अ‍ॅप्रन वापरले जात नाहीत, अशी नोंद विद्यापीठाच्याच तपासनीसांनी दोन महिने आधी केली होती. म्हणजे तपासणी झाली होती, त्रुटी सापडली होती, पण सुधारणा झाली नाही. ती पगारी कर्मचारी असल्यामुळे कामगार सुरक्षा यंत्रणेला हस्तक्षेप करता आला. विद्यापीठाला दंड झाला आणि प्रमुख प्राध्यापकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली.

जानेवारी २०१० मध्ये टेक्सास टेक विद्यापीठात स्फोटक संयुगावर काम करणाऱ्या पदवीधर विद्यार्थ्याने तीन बोटे गमावली. एका वेळी १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त पदार्थ बनवायचा नाही, ही मर्यादा केवळ तोंडी होती. प्रत्यक्षात सुमारे १० ग्रॅम बनवला गेला. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने चौकशी केली तेव्हा आधीचे थोडक्यात निभावलेले प्रसंगही उघड झाले. त्यांची नीट नोंद नव्हती, म्हणून त्यांतून कोणी धडाही घेतला नव्हता.

आपल्याकडचे चित्र वेगळे नाही. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने वर्षानुवर्षे पडून असलेले गॅमा विकिरण यंत्र २०१० मध्ये लिलावात भंगार म्हणून विकले. त्यातील किरणोत्सारी कोबाल्ट-६० मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचला. एका कामगाराचा जीव गेला, अनेकांना किरणोत्साराची बाधा झाली. असा स्रोत अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीशिवाय निकाली काढता येत नाही, हा नियम तेव्हाही होता. डिसेंबर २०१८ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सिलिंडरच्या स्फोटात एक संशोधक ठार झाला, तीन जखमी झाले. देशातील अग्रगण्य संस्थेत हे घडते, तर तालुक्याच्या महाविद्यालयातील संशोधन केंद्राची काय कथा?

सुरक्षेच्या कागदपत्रांमुळे संशोधन रखडते, अशी तक्रार प्राध्यापक करतात. ती पूर्णपणे खोटी नाही. समिती येणार म्हणून रंगवलेल्या नोंदवह्या आणि भिंतीवरचे फलक कोणाचाही जीव वाचवत नाहीत. पण त्यावर उपाय नियम गुंडाळणे हा नव्हे. गरज आहे ती मोजक्या पण अंमलात येणाऱ्या नियमांची. घातक प्रयोगाचे प्रमाण वाढवण्याआधी मार्गदर्शकाची लेखी परवानगी हवी. असा प्रयोग एकट्याने करण्यास मनाई हवी. सिलिंडर साखळीने बांधलेले हवेत. विषारी वाफा ओढणाऱ्या फ्यूम हूडची आणि डोळे धुण्याच्या नळाची ठरावीक काळाने चाचणी व्हावी. थोडक्यात टळलेल्या अपघाताची नोंद शिक्षेच्या भीतीविना करता यावी. आणि तपासणीत सापडलेली त्रुटी दूर होईपर्यंत ते काम थांबवण्याचा अधिकार सुरक्षा अधिकाऱ्याला असावा. मग मार्गदर्शक कितीही ज्येष्ठ असो.

मुख्य म्हणजे, संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थांनी प्रबंध आणि शोधनिबंधांबरोबर सुरक्षेचाही हिशेब मागावा. अनुदान अडेल म्हटले की विद्यापीठे जागी होतात, हा नेहमीचा अनुभव आहे. पीएच.डी.ला प्रवेश घेणारा विद्यार्थी मार्गदर्शकावर विश्वास टाकून प्रयोगशाळेत पाऊल ठेवतो. तो कामगार आहे की विद्यार्थी, हा वाद कायद्याच्या पुस्तकात चालू राहो. संध्याकाळी तो धडधाकट घरी परतला पाहिजे, याबाबत वाद असू नये.