आधी नोंद, मग व्यवहार

आपल्याकडे मुख्य हंगाम तीन. पावसाचा, लग्नाचा आणि खेळांच्या स्पर्धांचा. या तिन्हींच्या थोडं आधी एक चौथा हंगाम येतो, तो भविष्य सांगणाऱ्यांचा. बाकीच्या तिन्हींचं काही सांगता येत नाही, पण या चौथ्याचं पीक मात्र दरवर्षी हमखास सोळा आणे.

त्यातही पावसाचं भाकीत चुकलं तर शेतकरी हवामान खात्याचा उद्धार करतो. लग्नाचं चुकलं तर दोन्हीकडची मंडळी पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींना शोधत फिरतात. खेळाचं भाकीत चुकलं तर? कोणी कोणाला काही म्हणत नाही. सांगणारा पुढच्या वर्षी त्याच खुर्चीत, त्याच कोटात, त्याच आत्मविश्वासानं हजर! माझा झगडा आहे तो या खुर्चीशी.

मी बँकेतला कारकून. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा, की आधी व्यवहार आणि मग नोंद. पैसे काउंटरवर येण्याआधीच मी कोणाच्या पासबुकात जमा दाखवली, तर मला घरी पाठवतील, आणि तेही पोलिसांच्या गाडीतून. कबड्डीतज्ज्ञ मात्र पहिली चढाई होण्याआधीच पहिला कोण, चौथा कोण आणि बारावा कोण, हे शिक्का मारून देतो, आणि त्याचा सत्कार होतो.

प्रो कबड्डीत बारा संघ आहेत आणि राशीही बाराच आहेत. हा योगायोग आहे असं मी मानत नाही. 'संघ समतोल आहे, मात्र बचावाकडे लक्ष द्यावे लागेल.' 'सुरुवात संथ होईल, उत्तरार्धात यश.' 'अनुभवी खेळाडूंचे सहकार्य लाभेल.' यांतलं एखादं वाक्य उचलून वृषभ राशीत ठेवा. खाली 'प्रवास टाळावा' एवढं जोडलं की काम झालं.

आता बँकेच्या पद्धतीनं जरा जुळवणी करू. 2019च्या हंगामात तमिळ थलैवाज संघात राहुल चौधरी, अजय ठाकूर आणि मनजीत छिल्लर असे तिघे दिग्गज एकत्र आले. कागदावर हा संघ बघून प्रतिस्पर्ध्यांनी सरळ घरचं तिकीट काढावं असा थाट. हंगाम संपला तेव्हा थलैवाज बारापैकी बारावे.

2022 साली याच संघानं पवन सेहरावतला 2 कोटी 26 लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात पवनचा गुडघा गेला आणि तो हंगामालाच मुकला. आता तरी संघ बुडणार, यात शंका कसली? तर हा बुडालेला संघ पवनशिवाय प्रथमच उपांत्य फेरीत जाऊन पोचला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सनं त्याच पवनला 2 कोटी 60 लाख 50 हजारांना घेतलं. या वेळी गुडघा ठीक होता, पवन खेळलाही उत्तम. संघानं 22 सामन्यांत किती जिंकले? दोन. क्रमांक शेवटचा.

यात पवनचा काही दोष नाही. दोष भाकीत करणाऱ्यांच्या गणिताचा आहे, कारण ते बेरीज करतात. कबड्डीत बेरीज चालत नाही. दोन कोटींचा चढाईपटू बाद झाला की मैदानाबाहेर जाऊन बाकावर बसतो, आणि स्वतःच्या पैशानं तो पुन्हा आत येऊ शकत नाही. त्याला उठवायला दुसऱ्या कोणीतरी, बहुधा दहा-वीस लाखांच्या एखाद्या पोरानं, समोरचा गडी बाद करावा लागतो. पोराची पकड सुटली की दोन कोटी रुपये टॉवेल खांद्यावर टाकून बसलेले! उलट मैदानात तिघंच उरले असताना त्यांनी चढाई करणाऱ्याला धरलं, तर त्या पकडीचे दोन गुण मिळतात. म्हणजे या खेळाच्या नियमांतच दुबळ्याला व्याज जास्त आहे. असं खातं मी बँकेत अजून पाहिलेलं नाही.

कोणी म्हणेल, आपल्याकडे अभ्यास कमी, अमेरिकेत बघा. बघितलं. तिथे कॉलेजांच्या बास्केटबॉलचं एवढं प्रस्थ आहे, की हंगाम सुरू होण्याआधी देशभरचे क्रीडापत्रकार मतं टाकून पहिल्या 25 संघांची यादी काढतात. 2022च्या शरदात या यादीत पहिला होता नॉर्थ कॅरोलायनाचा संघ. आदल्या मोसमाचा उपविजेता, आणि पाच मुख्य खेळाडूंपैकी चार परत आलेले. वसंतात राष्ट्रीय स्पर्धेसाठी 68 संघ निवडले गेले, आणि त्या 68 जणांत नॉर्थ कॅरोलायना नव्हतं! एप्रिल 2023मध्ये विजेता ठरला कनेक्टिकट विद्यापीठाचा संघ. तो त्या 25 जणांच्या यादीत कितवा होता म्हणता? नव्हताच. म्हणजे अमेरिकेतला अभ्यास आपल्यापेक्षा खोल असतो हे खरं. चुकतातही ते खोलवर.

आता तुम्ही म्हणाल, अहो, एवढं काय मनावर घेता? ही घटकाभर करमणूक. मान्य. आमच्या शहादा तालुक्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. तिथेही जाणकार मंडळी घोड्याच्या अंगावरचे भोवरे बघून भविष्य सांगतात. गळ्याशी देवमण दिसला की मालकाची मान घोड्यापेक्षा ताठ होते. पण एवढं सगळं ऐकून घेतल्यावर गिऱ्हाईक म्हणतंच, 'जरा चालवून दाखवा.' बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, शेतात धान्याची घटमांडणी करतात आणि पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. तिला शास्त्राचा आधार नाही, अशी टीका होते आणि ती रास्तच आहे. तरी ती मंडळीसुद्धा एक रात्र थांबून, सकाळी कुठला दाणा हलला ते बघून मग बोलतात. आमचा तज्ज्ञ दाणे मांडायच्या आधीच बोलतो.

आणि करमणूक, करमणूक म्हणता म्हणता भाकीत खाली कुठवर झिरपतं ते सांगतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे एकाच विद्यापीठात. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचे दिवस आले की चहाच्या टपरीवर यादी ठरते. वर अमुक, मग तमुक, आणि तळाला आमच्याकडची कॉलेजं, सवयीनं. एका वर्षी आमच्याच भागातल्या एका कॉलेजची पोरं जर्सीसाठी वर्गणी मागत बाजारात फिरत होती. बहुतेक धडगाव-अक्कलकुव्याकडची. सातपुड्याचे घाट चढून-उतरून ज्यांच्या पोटऱ्यांना पीळ पडलाय, अशी. एका दुकानदारानं त्यांना पाणी दिलं, चहा दिला, आणि म्हणाला, 'देऊन काय उपयोग? तुम्ही पहिल्या फेरीत हरणारच.' आमच्या शाखेतले शिपाईभाऊ तिथेच उभे होते. त्यांनी विचारलं,

'शेठ, मॅच व्हयनी का?'

'नाही, पुढच्या आठवड्यात आहे.'

'मंग त्या हारनात कशा?'

शेठला उत्तर सुचलं नाही, आणि जर्सीही सुचली नाही. पोरं जुन्या, निरनिराळ्या रंगांच्या बनियनांवर खेळली आणि खरोखरच पहिल्या फेरीत हरली. दुकानदार सगळ्यांना सांगत होता, 'बघा, मी म्हटलं नव्हतं?'

इथे माझं डोकं फिरतं. हे भाकीत नव्हे. कर्ज नाकारायचं, त्यापायी धंदा बसला की 'हा माणूस बुडणारच होता' असा शेरा मारायचा, त्यातला हा प्रकार. आमचा जिल्हा 1998 साली धुळ्यातून वेगळा झाला. 2012च्या महाराष्ट्राच्या मानव विकास अहवालात तो राज्यात शेवटचा होता. ते मी नाकारत नाही. पण ती मोजणी होती. शाळा, दवाखाने, उत्पन्न मोजून झाल्यावर केलेली नोंद. त्या नोंदीवरून उद्याच्या चढाईचा निकाल लावणं म्हणजे बापाच्या थकबाकीवरून पोराचा पेपर तपासणं. ज्याच्या नावावर आधीच शून्य मांडलंय, त्याला खडूसुद्धा कोणी देत नाही. मग त्यानं पाटीवर काही लिहिलं नाही, हे सिद्ध करायला कितीसा वेळ लागतो?

भाकितांवर बंदी घाला असं मी म्हणत नाही. बंदी घातली तर निम्मा महाराष्ट्र मुका होईल. माझ्या मागण्या साध्या आहेत, हिशेब तपासनिसाच्या असतात तशा. एक, ज्याला यंदाची यादी द्यायची आहे त्यानं गेल्या वर्षीची स्वतःची यादी शेजारी छापावी आणि चुकीच्या ओळींवर लाल शाई मारावी. दोन, पहिला कोण हे खुशाल सांगावं, पण शेवटचा कोण हे सांगायला सामने होऊ द्यावेत. पहिल्याला भाकिताची गरज नसते आणि शेवटच्याला ते परवडत नाही. तीन, ज्यानं एखादा संघ हरणार असं सांगितलं, त्यानं आधी त्या संघाला सात जर्सी द्याव्यात. राखीव पोरांसाठी पाच जास्तीच्या दिल्या तर उत्तम. मग भाकीत खरं ठरलं तर ते निदान प्रामाणिकपणे खरं ठरेल.

आणि खोटं ठरलं, तर जर्सीच्या पाठीवर दुकानाचं नाव असेलच. जाहिरात फुकट.