विश्लेषण : राजा अम्पतचे प्रवाळ आलिशान नौकांमुळे वाचतील की मोडतील?

इंडोनेशियातील राजा अम्पत बेटांभोवती जगातील सुमारे ७५ टक्के कठीण प्रवाळ प्रजाती आढळतात. ते पाहण्यासाठी पर्यटक आलिशान नौकांवरच मुक्काम करून डायव्हिंग करतात.

फायदा काय?

पर्यटकांच्या प्रवेश शुल्कातून सागरी गस्त आणि संवर्धनाला पैसा मिळतो. निकेल खाणींपेक्षा हा मार्ग बरा. जून २०२५ मध्ये सरकारने येथील पाचपैकी चार खाण परवाने रद्द केले.

धोका कोणता?

मार्च २०१७ मध्ये ‘कॅलेडोनियन स्काय’ हे क्रूझ जहाज ओहोटीत प्रवाळावर रुतले. टगबोटीने ओढताना नुकसान वाढले. लहान नौकांचे नांगरही प्रवाळ मोडतात.

उपाय काय?

नांगराऐवजी कायमस्वरूपी बोयांना नौका बांधणे आणि नौकांची संख्या मर्यादित ठेवणे. कारण मोडलेला प्रवाळ भरून यायला दशके लागतात. तोवर मासळीवर जगणाऱ्या गावकऱ्यांनाच झळ बसते.