पंख्यावरचे नाव आणि घराचा पत्ता



गावाकडच्या शाळेत किंवा वाचनालयात पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचे नाव रंगवलेले आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. हौस म्हणा हवी तर, पण त्यात कोणाचे काही बिघडत नाही. पंखा सुरू झाला की नाव दिसत नाही, वारा मात्र सगळ्यांना लागतो. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे काही प्रकल्प वर्गणीच्या बदल्यात आपल्या नावाचा ईमेल पत्ता देतात. (काही मंडळी ईमेलला 'विरोप' म्हणतात, मला अजून ते जमलेले नाही.) हाही पंख्यावरच्या नावाचाच प्रकार, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही.

पैशांची गरज खरी आहे, याबद्दल वाद नको. एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' ही त्रुटी उघडकीस आली, तेव्हा कळले की बँकांपासून दुकानांपर्यंत सगळे ज्यावर विसंबून होते त्या ओपनएसएसएलला वर्षाकाठी साधारण २,००० डॉलर देणग्या मिळत होत्या. फुकट मिळते म्हणून वापरायचे आणि पैशांचा विषय निघाला की गप्प बसायचे, ही आपली जुनी सवय. तेव्हा कोणी नवा मार्ग शोधला तर त्याला नाके मुरडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पण या पत्त्यांत दोन जाती आहेत. डेबियनचा पत्ता तिथल्या अधिकृत डेव्हलपरना मिळतो. उबुंटूचा पत्ता दीर्घकाळ भरीव काम केलेल्या सदस्यांना मिळतो. तो कमवावा लागतो. याउलट लिनक्स फाउंडेशनने वर्षाला ९९ डॉलर भरणाऱ्या वैयक्तिक सभासदांना लिनक्स डॉट कॉमचा पत्ता देऊ केला. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनही सहयोगी सभासदांना पत्र पुढे पाठवणारा पत्ता देते, पण त्यात 'मेंबर' हा शब्द असतो, त्यामुळे पाहणाऱ्याला नेमके नाते कळते. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. पैसे देणारा आणि रात्री जागून दोष दुरुस्त करणारा यांचे बिल्ले सारखेच दिसले, तर दुसऱ्याचा बिल्ला स्वस्त होतो.

याहून महत्त्वाची गोष्ट आपल्यासारख्यांची. आपण नोकरी बदलतो, गाव बदलतो, देशही बदलतो. दाराचा पत्ता टिकत नाही, ईमेलचा टिकतो. एनआरओ खाते, विमा, आईबाबांच्या तपासण्यांचे रिपोर्ट, सगळे त्याच एका पत्त्याला बांधलेले. माझा करार संपल्यावर एका विद्यापीठाने ३० दिवसांत माझा पत्ता बंद केला. माझ्या जुन्या शोधनिबंधांवर तो आजही छापलेला आहे आणि त्यावर लिहिणाऱ्यांची पत्रे कुठेच पोचत नाहीत. वर्गणीवर चालणारा पत्ता म्हणजे तोच धोका दरवर्षी नव्याने. वर्गणी थांबली किंवा प्रकल्प गुंडाळला गेला, की घराचे कुलूप दुसऱ्याच्या हातात.

त्यात तांत्रिक भानगड आहेच. पत्र ज्या सर्व्हरवरून आले त्याला ते पाठवण्याची परवानगी आहे का, हे एसपीएफ तपासते. मध्ये कोणी पत्र पुढे ढकलले की ही तपासणी बहुधा फसते. मजकुराला धक्का लागला नसेल तर डीकेआयएमची सही तारून नेते. प्रकल्पाकडे पत्रे बाहेर पाठवणारा सर्व्हर नसेल आणि आपण जीमेलमधून त्या पत्त्याच्या नावे उत्तर दिले, तर ते स्पॅममध्ये जाऊ शकते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने पाठवणाऱ्यांसाठीचे नियम आणखी कडक केले आहेत.

म्हणून मला थंडरबर्डचा मार्ग बरा वाटतो. २०१२ मध्ये मोझिलाने या प्रकल्पातून बरेचसे अंग काढून घेतले, तरी वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर तो उभा राहिला. २०२२ मध्ये या देणग्या सुमारे ६४ लाख डॉलरपर्यंत गेल्या. २०२५ मध्ये त्यांनी 'थंडरमेल' जाहीर केले. ही पैसे घेऊन दिलेली पूर्ण ईमेल सेवा, तीत स्वतःचे डोमेन जोडण्याचीही सोय. इथे बिल्ला विकला जात नाही, सर्व्हर चालवण्याचे काम विकले जाते. उद्या पटले नाही तर आपले डोमेन उचलून दुसरीकडे जाता येते. पत्ता विकणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने एवढी तरी सोय द्यावी, आणि सेवा बंद करायची झाल्यास निदान वर्षभराची सूचना.

आपल्यापुरते म्हणाल तर, हौसेचा पत्ता जरूर घ्या, पण बँकेला देऊ नका. बँकेसाठी स्वतःचे डोमेन घ्या, वर्षाला दहा-पंधरा डॉलरच्या आसपास खर्च येतो. आणि पत्ता नको असेल तरी देणगी द्या. अमेरिकेतल्या अनेक कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच भर घालतात, पण ती साधारणपणे ५०१(सी)(३) संस्थांनाच. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी त्यात बसतात. लिनक्स फाउंडेशन ही ५०१(सी)(६), म्हणजे व्यापारी संघटनेच्या वर्गातली, तर थंडरबर्डचे काम एका कंपनीमार्फत चालते, त्यामुळे तिथे दिलेल्या पैशांवर करसवलत मिळत नाही. कंपनीचा फॉर्म भरण्यापूर्वी एवढे पाहून घ्या.